शिकाऊ वैमानिक आणि उतरतानाचे अपघात: विदर्भातल्या धावपट्ट्यांवर सराव करणाऱ्यांसाठी

हलक्या प्रशिक्षण-विमानांचे बरेचसे अपघात उतरताना होतात आणि त्यांतले बहुतेक एकाच वळणाचे असतात. इंजिन व्यवस्थित चालू असते, आकाश मोकळे असते, विमानात काही बिघाड नसतो, आणि तरीही चाके टेकताना किंवा टेकल्यानंतरच्या काही सेकंदांत पुढचे चाक मोडते, प्रोपेलर डांबराला घासतो किंवा विमान धावपट्टी सोडून बाजूच्या गवतात शिरते. जीव सहसा वाचतो, पण विमान कित्येक महिने हँगरमध्ये उभे राहते आणि शिकणाऱ्याचा धीर त्याहून जास्त काळ खचलेला राहतो. गोंदियाजवळचे बिरसी, नागपूर, चंद्रपूरजवळचे मोरवा अशा ठिकाणी आज विदर्भातली मुले-मुली उड्डाण शिकत आहेत, अमरावतीजवळ बेलोऱ्यालाही मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहत आहे. त्यांच्यापैकी जे पहिल्या सोलोच्या, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकट्याने करायच्या उड्डाणाच्या, उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मी प्रशिक्षक आहे, आणि इतकी वर्षे उजव्या सीटवर बसून माझे एक मत पक्के झाले आहे. अपघात शेवटच्या दहा सेकंदांत दिसतो, पण त्याची तयारी निदान दोन मिनिटे आधी आणि कित्येकदा सकाळी हँगरमध्येच झालेली असते. म्हणून प्रत्येक फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत खाली येण्याच्या शेवटच्या टप्प्यावर) आपण गो-अराउंड करणार आहोत, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणार आहोत, असेच गृहीत धरावे आणि सगळ्या अटी पूर्ण झाल्या तरच उतरावे. पुढचे टप्पे याच क्रमाने मांडले आहेत. आकडे मुख्यतः सेसना १७२ आणि १५२ या विमानांचे आहेत. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेतले आकडे वेगळे असतील, तर तेच प्रमाण मानावेत.

निघण्याआधी ऊन आणि वारा मोजा

नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर, म्हणजे हजार फुटांहून थोडे वर आहे. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने या उंचीवर १३ अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित असते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की फरक ३२ अंशांचा होतो. दर अंशामागे सुमारे १२० फूट धरले तर घनता-उंची (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) ४,८०० फुटांच्या पुढे जाते, आणि उन्हाळ्यात हवेचा दाबही कमी असल्यामुळे प्रत्यक्षात ती ५,००० फुटांच्या आसपास पोचते. विमान उभे असते नागपूरला, पण त्याच्या पंखांना मिळणारी हवा महाबळेश्वरापेक्षाही उंच जागेची असते.

उतरण्याशी याचा संबंध असा, की वेगमापकावर नेहमीचे ६५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दिसत असतानाच विमानाचा खरा वेग ७० नॉटच्या आसपास असतो. जमीन नेहमीपेक्षा भराभर मागे पळताना दिसते, शिकणाऱ्याला वाटते की आपण फार वेगात आहोत, आणि त्याचा हात नकळत योक (विमानाचे नाक वर-खाली करणारे हँडल) मागे ओढतो. मग वेग खरोखरच कमी होतो आणि विमान धावपट्टीच्या काठावरच बसायला लागते. उन्हाळ्यात डोळ्यांपेक्षा वेगमापकावर विश्वास ठेवावा, ही सूचना मी मार्चपासून रोज देतो. उतरल्यावरची धाव लांबते आणि गो-अराउंड करताना विमान जडपणे चढते, हेही आधीच गृहीत धरावे. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सोलो सराव सकाळी लवकर उरकून घ्यावा. दहानंतर तापलेल्या काळ्या मातीवर हवा उसळायला लागली की नवख्याने सर्किट (धावपट्टीभोवतीची आयताकृती फेरी) मारण्यात शहाणपण नाही.

आता वारा. वारा धावपट्टीशी ३० अंशांत असेल तर त्याच्या वेगाचा अर्धा भाग, ४५ अंशांत सुमारे सत्तर टक्के आणि ६० अंशांत सुमारे नव्वद टक्के भाग आडवा लागतो, एवढे पाठ असले की पुरते. धावपट्टी ३२, म्हणजे ३२० अंश दिशेची, वापरात आहे आणि वारा २७० अंशांवरून १४ नॉट आहे असे समजा. फरक ५० अंशांचा, म्हणजे आडवा वारा जवळजवळ ११ नॉट. सेसना १५२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा सिद्ध केलेला आकडा १२ नॉट आहे आणि १७२ च्या पुस्तिकेत १५, पण ते आकडे अनुभवी वैमानिकाच्या हातचे आहेत. तुमची स्वतःची मर्यादा प्रशिक्षकाबरोबर बसून ठरवा आणि लॉगबुकच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहा. पहिल्या सोलोला मी ती पाच नॉटच्या वर जाऊ देत नाही. पेन्सिल यासाठी, की अनुभवाबरोबर तो आकडा बदलायचा असतो. पण तो जमिनीवर बसून बदलायचा, हवेत नाही.

वारा झटक्यांचा असेल तर झटक्याचा अर्धा भाग फायनलच्या वेगात मिळवावा. १० नॉट वारा आणि १८ पर्यंत झटके असतील तर फरक आठचा, म्हणून चार नॉट जास्त. त्याहून अधिक मिळवू नये, कारण तो जादा वेग पुढे धावपट्टीवर तरंगत संपवावा लागतो.

डाउनविंड आणि बेस: घाईचे मूळ इथे असते

डाउनविंडवर, म्हणजे सर्किटच्या धावपट्टीला समांतर पण उलट दिशेच्या टप्प्यावर, उंची आणि धावपट्टीपासूनचे अंतर बरोबर राखले तर पुढचे अर्धे काम झालेले असते. तपासण्या याच टप्प्यावर पूर्ण कराव्यात: इंधन, इंधन-हवेचे मिश्रण, पट्टे, ब्रेक दाबून बघणे. कार्ब्युरेटर असलेल्या विमानात पॉवर कमी करण्यापूर्वी कार्ब हीट (आत बर्फ साचू नये म्हणून सोडायची गरम हवा) लावावी. पावसाळ्यातल्या दमट हवेत ती विसरणे महागात पडते.

सगळ्यांत जास्त जपायचे ते बेसवरून (डाउनविंड आणि फायनल यांना जोडणाऱ्या आडव्या टप्प्यावरून) फायनलवर वळताना, कारण जीव घेणारे अपघात इथे होतात. वारा मागून ढकलत असेल तर वळण लांबते आणि धावपट्टीची मधली रेषा ओलांडून विमान पलीकडे जाते. जमीन जवळ असल्यामुळे शिकणाऱ्याला जास्त कलायची भीती वाटते, म्हणून तो पायाने रडर (शेपटीवरचे सुकाणू) दाबून नाक आत ओढतो आणि खाली जाणारे नाक सावरायला योक मागे घेतो. स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत कोसळण्याच्या अवस्थेत, जाण्याची कृती तंतोतंत हीच आहे, आणि ५००-६०० फुटांवरून सावरायला उंची उरत नाही. ३० अंशांच्या वळणात स्टॉलचा (पंख विमान पेलेनासे होतात तो) वेग सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत तो एक्केचाळीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून सर्किटमध्ये कल ३० अंशांपलीकडे नेऊ नये, बॉल (विमान बाजूला घसरते का हे दाखवणारी उपकरणातली गोळी) मध्यभागी ठेवावा, आणि रेषा ओलांडली गेली तर ती पकडण्याचा आटापिटा न करता सरळ गो-अराउंड करावे.

फायनल: ३०० फुटांवरचा निर्णय

विमान जिथे आणायचे त्या जागेवर, बहुधा धावपट्टीच्या आकड्यांवर, नजर ठेवा. ती जागा समोरच्या काचेवर स्थिर राहिली तर विमान तिथेच जात आहे. ती काचेवर वर सरकू लागली तर तुम्ही अलीकडे पडणार, खाली सरकू लागली तर पलीकडे जाणार. धावपट्टीशेजारी उताराचा कोन दाखवणारे पापी दिवे असतील तर दोन लाल आणि दोन पांढरे दिसायला हवेत. तीन अंशांच्या उताराला खाली येण्याचा दर जमिनीवरच्या वेगाच्या पाचपट धरावा: ६५ नॉटला मिनिटाला सुमारे ३२५ फूट.

विदर्भात एक गोष्ट पुस्तकाबाहेरची शिकावी लागते. फायनलच्या वाटेवर नांगरलेले काळे वावर आले की विमान वर उचलले जाते आणि लगेच पुढे बोडी किंवा तलाव आला की खाली बसते. गोंदियाकडे धानाच्या बांध्या आणि तलाव एकाआड एक असल्यामुळे हे सतत जाणवते. वर उचलले गेल्यावर पॉवर पूर्ण काढून टाकणारा विद्यार्थी पुढच्याच क्षणी पाण्यावर वेगाने खाली जाऊ लागतो. पॉवरमध्ये थोडाच बदल करावा आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत थांबावे.

जमिनीपासून ३०० फुटांवर स्वतःला मोठ्याने विचारा: वेग ठरवलेल्या आकड्याच्या पाच नॉटच्या आत आहे का, विमान मधल्या रेषेवर आहे का, फ्लॅप (पंखांमागच्या खाली उघडणाऱ्या पट्ट्या) ठरल्याप्रमाणे आहेत का, धावपट्टी मोकळी आहे का? चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पुढे आणि गो-अराउंड. दुरुस्त होईल, बघू, असा विचार इथे करू नये. शेवटचा प्रश्न आपल्याकडे नावापुरता नाही. कुंपणाच्या फटीतून आत आलेली गुरे, रानडुकरे, रोही (नीलगाई) आणि सकाळी तापत्या डांबरावर बसलेल्या घारी-टिटव्या हे आपल्या भागातले वास्तव आहे.

फ्लेअर: नजर कुठे असावी

फ्लेअर म्हणजे वीस-तीस फुटांवर उताराचा कोन मोडून विमान धावपट्टीला समांतर करायचे, मग वेग संपेल तसतसे नाक हळूहळू उचलत ते मागच्या दोन चाकांवर बसवायचे. सांगायला हे एका वाक्याचे काम आहे, आणि शिकायला सगळ्यांत जास्त तास यालाच लागतात.

माझे वडील तिफण हाकत. तिफण हाकणारा बैलांच्या खुरांकडे बघत राहिला तर तास वाकडे जाते; त्याची नजर समोरच्या धुऱ्यावरच असावी लागते, हे त्यांनी मला दहाव्या वर्षी सांगितले होते. फ्लेअरमध्ये नेमके हेच आहे. नाकासमोरच्या डांबराकडे बघणाऱ्याला जमीन अंगावर येते आहे असे वाटते आणि तो योक झटक्याने ओढतो. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे गेली की उंचीचा आणि खाली जाण्याचा अंदाज आपोआप येतो. फ्लेअर बिघडलेल्या विद्यार्थ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की तू कुठे बघत होतास.

इथल्या चुका दोन प्रकारच्या. योक जास्त ओढला गेला तर विमान फुग्यासारखे वर तरंगते, पंधरा-वीस फुटांवर त्याचा वेग संपतो आणि ते धाडकन खाली पडते. उशीर झाला किंवा वेग जास्त असताना विमान जबरदस्तीने खाली दाबले तर पुढचे चाक आधी टेकते. पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत, म्हणजे १७२ मध्ये अकरा मीटरच्या आत, जमिनीमुळे पंखांचा अवरोध कमी होतो आणि जादा वेगातले विमान खाली बसायलाच तयार होत नाही. तिथे संयम ठेवून त्याला तरंगू द्यावे, आणि धावपट्टीचा पहिला तिसरा भाग संपला तरी चाके टेकली नसतील तर वर जावे.

सोलोच्या पहिल्या फेरीत आणखी एक फरक जाणवतो. प्रशिक्षक उतरल्यामुळे विमान सत्तर-ऐंशी किलोंनी हलके होते. ते लवकर उचलते, लवकर सर्किटच्या उंचीला पोचते आणि धावपट्टीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ तरंगते. विद्यार्थ्याला हे आधी सांगितलेले नसेल तर आपलेच काहीतरी चुकते आहे असे त्याला वाटते.

धावपट्टीची रुंदीही फसवते. अरुंद पट्टीवर आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास होतो आणि विमान फार खाली येते. रुंद पट्टीवर याच्या उलट होऊन फ्लेअर लवकर केला जातो. छोट्या पट्टीवर शिकलेला विद्यार्थी नागपूरच्या ४५ मीटर रुंद धावपट्टीवर पहिल्यांदा येतो तेव्हा हे हमखास घडते. तिथे मोठ्या विमानाच्या मागे उतरायचे असेल तर त्याच्या वाटेपेक्षा वर राहून, त्याची चाके टेकली त्याच्या पुढे आपली टेकवावीत. मागे राहिलेले भोवरे हलके विमान उलथवू शकतात.

उसळी: दुसऱ्यांदा नव्हे, पहिल्यांदाच सावरा

विमान आपटून उसळले की हात आपोआप योक पुढे ढकलतो, आणि हीच सगळ्यांत वाईट कृती आहे. नाक खाली जाते, पुढचे चाक आपटते, विमान आधीपेक्षा उंच उसळते, पुन्हा योक पुढे जातो. विमानाच्या हालचालीपेक्षा हात अर्धा सेकंद मागे चालत असल्यामुळे प्रत्येक उसळी वाढत जाते. तिसऱ्या आदळण्याला बहुधा पुढचा पाय मोडतो आणि प्रोपेलर जमिनीत जातो.

माझ्या शिकण्याच्या दिवसांत मे महिन्यातल्या एका सकाळी हे माझ्या हातून झाले. विमान तरंगले, स्टॉलचा भोंगा वाजला, मागची चाके आपटली, आणि मी योक पुढे ढकलला. दुसऱ्या आदळण्याला पुढच्या पायाचा ठोका माझ्या दातांपर्यंत जाणवला. तेवढ्यात सरांचा हात माझ्या हातावर आला आणि थ्रॉटल पुढे गेला. खाली उतरल्यावर इंजिन बंद करून त्यांनी मला नाकापुढे नेले, प्रोपेलरचे पाते उभे केले आणि त्याचे टोक व डांबर यांच्यामध्ये आपला पंजा लावून दाखवला. एक वीत आणि तीन बोटे, एवढेच अंतर होते. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला सोलोआधी मी तिथे गुडघ्यांवर बसवून स्वतःच्या वितीने ते मोजायला लावतो.

म्हणून नियम साधा ठेवा. उसळी हातभर असेल तर नाक टेकण्याच्या स्थितीत स्थिर धरा, किंचित पॉवर द्या आणि विमान पुन्हा बसू द्या. त्याहून मोठी असेल, किंवा दुसऱ्यांदा झाली, तर लगेच गो-अराउंड.

गो-अराउंड करताना

थ्रॉटल पूर्ण पुढे आणि त्याबरोबरच योकवर पुढच्या दिशेला भक्कम दाब, कारण उतरण्यासाठी ट्रिम केलेले (योकवर दाब न देता कमी वेगाला स्थिर राहील असे लावलेले) विमान पूर्ण शक्ती मिळताच नाक झपाट्याने वर उचलते. हा दाब दिला नाही तर जमिनीपासून पन्नास फुटांवर स्टॉल होऊ शकतो. गो-अराउंड सुरू करूनही झालेले अपघात याच प्रकारचे असतात. उजवा रडर दाबा. कार्ब हीट बंद करा. मग फ्लॅप २० अंशांवर आणा, वेग साठच्या आसपास राखा, विमान चढते आहे याची खात्री झाल्यावरच उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर घ्या. रेडिओवरचे बोलणे या सगळ्यानंतर. टॉवरला दहा सेकंद उशिरा कळले तरी चालते.

एक गोष्ट मला इथे मनापासून सांगायची आहे. आपल्या भागातून येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी शेत गहाण पडलेले असते किंवा आईचे दागिने बँकेत असतात, आणि एका तासाला किती पैसे जातात हे त्या मुलाला पाठ असते. गो-अराउंड म्हणजे आणखी पाच-सहा मिनिटे, म्हणजे आणखी पैसे, शिवाय सोबत्यांसमोर नामुष्की, असा हिशेब त्याच्या डोक्यात फायनलवर चालू असतो. पालकांना माझी विनंती आहे, की फोनवर "आज किती तास झाले" हे विचारताना "आज गो-अराउंड केलास का" हेही विचारावे आणि हो म्हटल्यावर शाबासकी द्यावी. मी स्वतः दर चार-पाच उतरण्यांमागे एक गो-अराउंड मुद्दाम करायला लावतो, म्हणजे ते हाताच्या सवयीचे होते.

चाके टेकल्यावर

आडव्या वाऱ्यात वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली ठेवून, विरुद्ध रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत धरून, आधी वाऱ्याच्या बाजूचे चाक टेकवावे. पुढचे चाक टेकण्याच्या क्षणी रडर शक्य तितका मध्यावर आणावा, कारण १७२ मध्ये ते चाक पेडलशी जोडलेले असते आणि वळलेल्या स्थितीत टेकले तर विमान झटक्याने बाजूला ओढले जाते.

टेकले म्हणजे संपले असे समजून हातपाय सैल सोडणे, हे पट्टीबाहेर जाण्याचे मोठे कारण आहे. वेग कमी होत जातो तसा एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यावा. टाचा जमिनीवर ठेवाव्यात आणि विमानाचा भार चाकांवर पूर्ण येईपर्यंत ब्रेक दाबू नये, नाहीतर चाक घसरते आणि टायर फुटतो. वळणाचा रस्ता आला म्हणून वेगात वळू नये, पुढच्या वळणापर्यंत जावे. फ्लॅप वगैरे वर घेण्याचे काम धावपट्टी सोडून, थांबून करावे.

आपटले, तर

विमान जोरात आपटले असेल आणि धावपट्टीवर थांबले असेल, तर पुन्हा उडवू नका. वरवर काही दिसत नसले तरी १७२ सारख्या विमानात पुढच्या पायाच्या धक्क्याने इंजिनामागची पत्र्याची भिंत दुमडलेली असू शकते, आणि प्रोपेलर किंचितही घासला असेल तर इंजिनाच्या आतल्या भागांची तपासणी आवश्यक असते. विमान पट्टीबाहेर गेले किंवा पाय मोडला, तर मिश्रण बंद, इंधन बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) आणि विजेचा मास्टर स्विच बंद करून, प्रोपेलरच्या बाजूने न जाता मागच्या दिशेने बाहेर पडा.

त्यानंतर जे झाले ते जसेच्या तसे प्रशिक्षकाला आणि अभियंत्याला सांगा. लपवलेल्या आपटण्याची शिक्षा पुढच्या सोलोला जाणाऱ्या मुलाला भोगावी लागते. दखलपात्र अपघाताची माहिती संस्थेने विमान वाहतूक महासंचालनालयाला आणि २०१२ साली स्थापन झालेल्या विमान अपघात तपास विभागाला द्यायची असते. त्या तपासाचा हेतू कारण शोधण्याचा असतो, दोष ठरवण्याचा नव्हे. त्याच संध्याकाळी वहीत चार ओळी लिहून ठेवा: ३०० फुटांवर वेग किती होता, वारा किती आणि कुठून होता, नजर कुठे होती, आणि वर जायचा विचार मनात पहिल्यांदा कधी आला होता.